बावीस पायऱ्या आणि एक न संपणारी फाइल

लग्नपत्रिका हातात पडली की चांगली माणसं आधी वरची देवाची ओळ वाचतात, मग वधूवरांची नावं. मी आधी तळ बघतो, जेवण किती वाजता आहे ते. रहस्यकथा मी शेवटच्या पानापासून सुरू करतो आणि खुनी कोण ते एकदा कळलं की निवांत पहिल्या पानावर येतो. सिनेमा बघताना बायकोला विचारत बसतो, "हा मरतो का गं शेवटी?" ती म्हणते, "तो नाही मरत. पण तुम्ही असेच विचारत राहिले तर आज या घरात कोणीतरी नक्की मरेल."

ही खोड घरापुरती राहिली असती तर बायकोनं सांभाळून घेतली असती. पण मी सॉफ्टवेअर बनवतो, आणि ती खोड तिथंही उतरली.

रायपूरच्या सदर बाजारात एका कापडाच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. एक खोली, एक कूलर, आणि खालून दिवसभर येणारा "दीदी, इसका पल्लू देखिए" हा आवाज. कंपनीत माणसं एकूण एक. पाटीवर मात्र 'सोल्यूशन्स' असं अनेकवचन रंगवून घेतलंय.

मी जे एक सोल्यूशन बनवलं होतं त्याचं काम सोपं. एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन नावांनी ओळखली जाते, त्यांची गाठ घालून द्यायची. एका कारखान्याचं यंत्र ज्या रकान्याला 'पी-सात' म्हणतं, त्यालाच कारखान्याचा ग्राहक 'तापमान' म्हणतो. मधे माझं टूल बसतं. इकडून यंत्राची फाइल घेतं, तिकडून ग्राहकाला कळेल अशी फाइल काढून देतं. घरी नाही का, आई मला एका नावानं हाक मारते, शाळेतले मित्र दुसऱ्या, आणि सासरी माझं एक तिसरंच नाव आहे जे माझ्यासमोर कोणी घेत नाही. तसंच.

टूल फाइल कशी वाचायचं? माझ्यासारखी. आधी थेट शेवटी जाऊन 'एकूण' लिहिलेली ओळ बघायचं. मग पुन्हा सुरुवातीपासून ओळी मोजून एकूणाशी जुळतंय का ते ताडायचं. सगळं जुळलं की तिसऱ्यांदा पहिल्या ओळीवर येऊन कामाला लागायचं. एकच फाइल तीनदा. मला यात भारी शहाणपण वाटायचं.

रायपूरला लागून उरला नावाची कारखान्यांची वसाहत आहे, तिथल्या एका रोलिंग मिलमध्ये ते टूल वर्षभर नीट चाललं. तिथं भट्टीतून लोखंडाची लालभडक बिलेटं, म्हणजे वीतभर जाडीचे लांब ठोकळे, बाहेर येतात आणि रोलरांमधून चेपत चेपत त्यांच्या सळ्या होतात. भट्टीच्या तोंडाशी एक यंत्र प्रत्येक बिलेटचं वजन आणि तापमान मोजतं आणि पाळी संपली की आठ तासांची एक फाइल काढून देतं. माझं टूल त्या फाइलीतून ग्राहकाचं प्रमाणपत्र तयार करायचं. फाइल आत, प्रमाणपत्र बाहेर, मी खूश.

हे सगळं ज्यांच्या हाताखाली चालायचं त्या मिलच्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख. सगळी मिल त्यांना दीदी म्हणते, म्हणून मीही. पहिल्या दिवशीच त्यांनी माझं आडनाव ऐकून मराठीत विचारलं होतं, "कुठले जी तुम्ही?" मी म्हटलं, आजोबा रेल्वेत होते, वर्ध्याकडून आले. त्या म्हणाल्या, "आमचे बाबाही रेल्वेतच. भंडाऱ्याचे. म्हणजे एकाच गाडीनं आलो म्हणा की." तेव्हापासून आमची मराठी सुरू झाली, आणि त्या मराठीत त्या मला जे बोलल्या ते हिंदीत बोलल्या असत्या तर मी कधीच काम सोडून पळालो असतो.

दीदींची केबिन मिलच्या वरच्या अंगाला, काचेच्या खिडकीची. खाली भट्टी, रोलर, धूळ आणि असा आवाज की शेजारच्या माणसाला शिवी दिली तर तो मान हलवून धन्यवाद देतो. केबिनपासून खालपर्यंत लोखंडी जिना. बावीस पायऱ्या. मी मोजल्यात, आणि का मोजल्यात ते पुढं येईलच.

अडचण अशी होती की फाइल यायची पाळी संपल्यावर. मधल्या आठ तासांत भट्टीतून थंड बिलेटं येऊ लागली तर ते दीदींनाच कळायचं. यंत्राच्या पडद्यावर सांकेतिक आकडे सरकत राहायचे, त्या ते वाचून, संकेतांच्या तक्त्याशी ताडून, रजिस्टरमध्ये लिहून, मग स्वतः खाली जाऊन शिफ्टच्या इन्चार्जला सांगायच्या, "हे बिलेट बाजूला काढा." कारण थंड बिलेट रोलरात गेलं तर अडकतं, आणि अडकलं की सगळी मिल ठप्प. खाली फोन ऐकू येत नाही. भोंगा आहे, पण भोंगा वाजला तरी कुठलं बिलेट ते कसं कळणार? यंत्राचे नंबर वेगळे, आणि खालच्या लोकांनी खडूनं लिहिलेले नंबर वेगळे. म्हणून बावीस पायऱ्या खाली, बावीस वर. एका पाळीत सात-आठ वेळा. तेवीस वर्षं.

आणि आता त्यांचा डावा गुडघा बोलू लागला होता.

"डॉक्टर म्हणतात, जिना बंद करा," दीदी एकदा थर्मासमधला चहा ओतता ओतता म्हणाल्या. "सेठजींना सांगितलं तर ते म्हणाले, मग गेटवरच्या ऑफिसात बसा, तिथं जिना नाही. गाड्यांच्या पावत्या पाहा."

"मग?"

"मग काय मग? तेवीस वर्षं लोखंड पाहिलं मी, आता गाड्यांचे नंबर पाहू? तुम्ही मले एक सांगा. ते यंत्र आठ तासांनी फाइल देते, पण त्याच्यातून आकडे तर सारखे वाहून राहिले ना? वायरीतून येऊनच राहिले. ते वाहते आकडे तुमच्या टूलले नाही का देता येत? खाली एक लाल दिवा आणि नंबरची पाटी लावून देऊ. थंड बिलेट आलं की पाटीवर त्याचा खडूचा नंबर. मले उतरायचं कामच नाही."

मी चहाचा घोट घेतला. ज्या घोटानंतर माणसानं गप्प बसावं असा तो घोट होता. मी म्हटलं, "हव दीदी, होऊन जाईल. फाइल असो की धार असो, डेटा तर डेटाच आहे."

त्यांनी त्याच दिवशी मिलच्या मालकांना, म्हणजे सेठजींना सांगितलं. सेठजी म्हणाले, करके दिखाओ. जमलं तर दीदी केबिनमध्ये, नाही जमलं तर महिन्याच्या शेवटी गेटवर.

आता मी काय केलं ते ऐका. धार घ्यायची सोय म्हणून मी टूलला एक बादली लावली. वायरीतून येणारे आकडे बादलीत साठवायचे, धार संपली की बादली म्हणजे एक फाइलच झाली, मग पुढचं काम नेहमीसारखं: आधी शेवट बघा, मग मोजा, मग जोडा. किती सुटसुटीत! जुन्या कामाला हातही लावायचा नाही. चाचणी घ्यायला दीदींकडून तासाभराचे आकडे भरून आणले, ऑफिसात बसून वायरीतून सोडले. आकडे आले, संपले, आणि टूलनं धडाधड उत्तरं दिली. मी खुर्चीत गोल फिरलो. खालच्या दुकानदारानं वर ओरडून विचारलं, "भैया, क्या गिरा?"

ज्या धारेवर मी चाचणी घेतली तिला शेवट होता, कारण ती मीच भरून आणली होती. उरल्याची मिल तीन पाळ्यांत चालते. तिथं पाळी संपते, धार संपत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वर्षभर तिथं जात होतो. गंगेच्या काठी घर असून बादली घेऊन बसलो होतो, कधी एकदा ती वाहून संपते म्हणून.

दाखवायच्या दिवशी केबिनमध्ये चौघं होतो. सेठजी, दीदी, मी, आणि खालून मुद्दाम वर बोलावलेला शिफ्टचा इन्चार्ज, जो छत्तीसगढी सोडून दुसऱ्या भाषेत हसत नाही. टेबलावर समोसे. मी वायर जोडली, बटण दाबलं. पडद्यावर आलं: 'वाचन सुरू आहे'. बाजूला मी प्रेमानं बनवलेलं एक गोल चक्र फिरू लागलं.

पाच मिनिटं झाली. चक्र फिरतंय.

"लोड हो रहा है," मी म्हटलं.

दहा मिनिटं झाली. समोसे संपले. सेठजींनी रुमालानं बोटं पुसली.

"बेटा," ते म्हणाले, "ये पढ़ता ही रहेगा कि कुछ बोलेगा भी?"

"बोलेगा सेठजी. पहले पूरा समझ लेता है."

"मेरे दामाद जैसा है," सेठजी म्हणाले आणि खुर्चीत मागं टेकले.

दीदी माझ्याकडं न बघता यंत्राच्या पडद्याकडं बघत होत्या. त्यांची नजर आकड्यांवर, बोट तक्त्यावर. मधेच त्यांचं बोट थांबलं. त्या मला हळूच म्हणाल्या, "भैया, तीन बिलेटं थंड आली. तुमचा दिवा काहून नाही लागून राहिला?"

"लागेल, दीदी. एक मिनिट."

त्या अर्ध्या उठल्या, रजिस्टरकडं हात गेला, मग माझ्या शब्दाखातर पुन्हा बसल्या. त्यांचं ते बसणं मला आजही आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. कारण त्या उठल्या असत्या तर पुढचं झालं नसतं.

खालून 'खडाम्' असा आवाज आला. रोलर किंचाळले, लाल सळई सापासारखी वर उसळली, माणसं सवयीनं बाजूला झाली, आणि मिल थांबली. थंड बिलेट अडकलं होतं. कोणाला काही लागलं नाही. सगळं बंद झालं, भट्टीतून येणारी बिलेटंही बंद, यंत्रानं आकडे पाठवणं बंद.

धार संपली.

आणि त्या भयाण शांततेत माझ्या टूलला कंठ फुटला. चक्र थांबलं. पडद्यावर ओळीमागून ओळी धावल्या. खाली लाल दिवा झगझगीत लागला आणि पाटीवर अडकलेल्या बिलेटचा खडूचा नंबर अगदी बिनचूक उमटला. 'सावधान. हे बिलेट थंड आहे.'

इन्चार्ज खिडकीतून खाली बघत होता. तो शांतपणे म्हणाला, "बने मशीन हे भैया. मरे के बाद गोठियाथे."

मेल्यावर बोलतं. सेठजी हसले, पण तोंडानंच. "आठ दिन," ते म्हणाले आणि उठून गेले.

दीदींनी रजिस्टर काखेत मारलं, कठड्याला धरलं आणि एकेक पायरी उतरत खाली गेल्या. आधी उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा. लहान मूल उतरतं तसं. मी वरून बघत होतो. तेव्हा मोजल्या मी त्या पायऱ्या.

रायपुरात पुरानी बस्ती भागातल्या घरी आलो तर बायकोला चेहऱ्यावरूनच कळलं. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "यात नवीन काय आहे? माझ्याशीही तुम्ही असंच करता. माझं सगळं बोलून व्हायची वाट पाहता, मग म्हणता, पुन्हा पहिल्यापासून सांग. तोवर भाजी करपलेली असते."

"मग मी काय करू?"

"मी एकदाच सांगते. ऐकता ऐकता समजून घ्यायचं."

मी ते ऐकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मला दुसरी अक्कल सुचली. मी टूलची एक नक्कल केली. जुनं टूल फाइलीसाठी, नवं टूल धारेसाठी. एकाच घरात दोन चुली. नव्याला शिकवलं की थांबू नकोस, येईल तसं बोल. तीन दिवसांत झालं. दीदींकडं पाठवलं, आणि चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन.

"भैया, एक विचारू? राग नाही ना येणार?"

असं विचारणारी व्यक्ती पुढं काय बोलणार हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

"तुमचं धारेचं टूल म्हणते हे बिलेट थंड. तेच बिलेट पाळी संपल्यावर तुमचं फाइलीचं टूल म्हणते गरम. मी कोणाचं ऐकू? प्रमाणपत्रावर सही तर माझी राहते ना जी."

झालं होतं असं की तापमानाची हद्द बदलली होती, ती मी एका टूलमध्ये बदलली आणि दुसऱ्यात विसरलो. आणि ही तर सुरुवात होती. यापुढं जे काही बदलेल ते मला दोनदा बदलावं लागणार आणि एकदाच आठवणार.

"आता काय करायचं, दीदी?" मी विचारलं. हे गिऱ्हाइकानं मला विचारायचं असतं.

त्या म्हणाल्या, "काही करू नका. उद्या सकाळी या, माझ्यासोबत बसा. लॅपटॉप नका आणू."

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या पाळीला जाऊन बसलो. लॅपटॉपविना माझे हात मांडीवर ठेवलेल्या पार्सलासारखे दिसत होते. दीदींनी पाळी सुरू व्हायच्या आधी रजिस्टरचं कोरं पान काढलं, वर रकान्यांची नावं लिहिली, तापमानाची हद्द लाल पेन्सिलनं कोपऱ्यात लिहिली, आणि म्हणाल्या, "हे एकदाच. आता आकडे येतील तसे."

आकडे आले. त्या एक बघायच्या, तक्त्याशी ताडायच्या, शेरा लिहायच्या, पुढचा. मागं वळून बघणं नाही, पुढं डोकावणं नाही. समासात पेन्सिलनं एक बारीक आकडा लिहिलेला, तो प्रत्येक बिलेटला खोडून नवा लिहायच्या.

"हे काय?"

"आतापर्यंतची बेरीज. शेवटी जाऊन कोण करत बसते? जिथं थांबू तिथं एकूण तयार."

थंड बिलेट आलं की खाली. मीही त्यांच्या मागं. पहिल्या खेपेला मी ऐटीत उतरलो. वर येताना चौदाव्या पायरीवर कठड्याला मिठी मारली. दीदी वरून म्हणाल्या, "बसा जी जरा. मी लिहून घेते तोवर." गुडघा त्यांचा दुखत होता, बसायला मला सांगत होत्या.

दुपारी त्यांनी कपाटातून कालची फाइल छापलेली काढली, ग्राहकाला एक दाखला हवा होता. मी बघतोय तर त्यांनी तेच केलं. तेच पान, तेच रकाने, एक ओळ बघायची, ताडायची, शेरा, पुढची.

मी विचारलं, "फाइलीचं आणि धारेचं तुम्ही सारखंच करता?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं असं पाहिलं की मला तिसरीतल्या बाई आठवल्या. "बिलेट भट्टीतून आलं का कपाटातून आलं, मले काय करायचं? माझ्यासमोर एका वेळी एकच येते. त्याले पाहते, सोडते. तुम्ही काय सगळी बिलेटं एका वेळी मांडीवर घेऊन बसता?"

मी बसत होतो. वर्षभर.

त्या संध्याकाळी मी दोन्ही टूलं मोडली. एकच खोली ठेवली आणि तिला दोन दारं केली. एका दारातून फाइल येणार, दुसऱ्यातून धार. दारातला माणूस एका वेळी एकच ओळ आत सोडणार. आतल्या खोलीला कळणारच नाही की ओळ कुठल्या दारानं आली. रकान्यांची नावं आधीच सांगून ठेवायची, बेरीज चालता चालता करायची, शेवटाकडं बघायचं नाही. शेवट बघण्याचा तो सगळा भाग मी खोडून टाकला. खोडताना छातीत थोडं दुखलं. माझं सगळ्यात जुनं व्यसन होतं ते.

आठव्या दिवशी पुन्हा केबिन, पुन्हा सेठजी. समोसे नव्हते, त्यावरून मी काय ते समजलो. इन्चार्ज या वेळी खालीच थांबला. "मिल ल छोड़ के नइ आवँव," असा निरोप त्यानं पाठवला होता.

मी वायर जोडली. चक्र ठेवलंच नव्हतं. पहिलं बिलेट आलं, पहिली ओळ उमटली. दुसरं, दुसरी. दीदी तक्ता हातात धरून प्रत्येक ओळ ताडत होत्या, ओठ हलत होते. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांचं बोट थांबलं, आणि त्याच क्षणी खाली लाल दिवा लागला. पाटीवर नंबर. खालच्या माणसांनी लांब लोखंडी हुकांनी ते बिलेट ओढून बाजूला काढलं. इन्चार्जनं आधी सवयीनं जिन्याकडं पाहिलं. जिन्यावर कोणी नव्हतं. मग त्यानं वर खिडकीकडं पाहिलं. दीदींनी बसल्या जागेवरून हात हलवला.

सेठजी खूप वेळ पाटीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक है. दीदी यहीं बैठेंगी." बस, एवढंच. दीदींनी हळूच पायाखाली एक स्टूल ओढून घेतला आणि डावा पाय त्यावर ठेवला.

गोष्ट इथं थांबवावी असं मलाही वाटतं. पण मी मघाशीच सांगितलं की शेवटाकडं धावायची सवय सोडलीय.

दीदी म्हणाल्या, "आता दुसरं दारही दाखवा सेठजींना. कालची फाइल लावते, प्रमाणपत्र काढायचंच आहे. कालची पाळी चांगली गेली, एकही थंड नव्हतं."

"लावा की," मी म्हटलं, आणि सेठजींकडं वळून ऐटीत पुढं बोललो, "अंदर के कमरे को पता ही नहीं चलता सेठजी, कि माल किस दरवाज़े से आया."

दीदींनी फाइल लावली. ओळी सरसर गेल्या. सगळ्या हिरव्या. आणि शेवटची ओळ आली.

शेवटची ओळ कुठली असते ते तुम्हाला आठवत असेल. मला आठवत नव्हतं. मी शेवट बघणं सोडलं होतं ना. आतल्या खोलीनं ती ओळ इतर ओळींसारखीच घेतली. बिलेटचं नाव: एकूण. वजन: आख्ख्या पाळीचं. तापमान: कोरं, म्हणजे शून्य.

खाली दिवा लागला. मी तर त्या दिवशी जरा उत्साहात भोंगाही जोडून दिला होता, फारच थंड बिलेट असेल तर वाजावा म्हणून. शून्याइतकं थंड बिलेट त्या मिलच्या इतिहासात आलं नव्हतं. भोंगा असा वाजला की पाखरं उडाली. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'एकूण', आणि खाली वजन. माणसांनी रोलर थांबवले आणि ती भट्टीच्या तोंडाशी धावली. आवाज थांबल्यामुळं इन्चार्जचं बोलणं वर स्वच्छ ऐकू आलं.

"कोन बिलेट आय रे? कहाँ हे? अतेक बड़े बिलेट हमर भट्ठी म समाइस कइसे?"

एवढं मोठं बिलेट भट्टीत मावलं कसं, हे कोणालाच कळेना; दोघं तर वाकून रोलरांखाली बघत होते. शेकडो टनांचं बर्फासारखं बिलेट.

सेठजी माझ्याकडं वळले. "ये क्या है?"

माझ्या तोंडातून शब्द निघेना. बरंच झालं, कारण निघाला असता तर तो 'लोड हो रहा है' हाच निघाला असता. मी दीदींकडं पाहिलं. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. पाहतो तर तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग चेहरा सरळ केला आणि तेवीस वर्षांच्या वजनानं म्हणाल्या, "जाँच थी सेठजी. भोंगा बजने पर नीचे के लोग रुकते हैं कि नहीं, ये भी तो देखना था. रुक गए."

सेठजींनी खिडकीतून थांबलेल्या मिलकडं पाहिलं, दीदींकडं पाहिलं, माझ्याकडं मात्र जरा जास्तच वेळ पाहिलं. "अच्छी जाँच थी," ते म्हणाले. "अब रोज़ मत करना." आणि गेले.

दार बंद झालं तशी दीदींची मराठी परत आली.

"फाइलच्या दारातून आलेल्या ओळीनं खालचा दिवा लावायचाच कशाले जी? ते काय कालचं बिलेट आज बाजूला काढणार? आणि एकूण म्हणजे बिलेट नाही, हे दारातल्या माणसाले सांगून ठेवा. आत सोडायच्या आधी. खोलीले नका त्रास देऊ."

"हो दीदी."

"आणि आता खाली जा. त्यांना सांगा, बिलेट शोधू नका म्हणून. फोन ऐकू नाही येत तिथं."

मी जिन्याकडं पाहिलं. मग त्यांच्या स्टुलावरच्या पायाकडं पाहिलं. तो जागचा हलायची चिन्हं नव्हती.

मी उतरलो. बावीस पायऱ्या. खाली इन्चार्ज खडू घेऊन उभा होता, नंबर कुठं लिहायचा ते विचारत. त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मिल सुरू केली, आणि हसत म्हणाला, "ए बखत तो जियत-जियत गोठियाइस, भैया. फेर जादा गोठिया दिस." जिवंतपणी बोललं, पण जरा जास्तच बोललं.

धापा टाकत वर आलो तर दीदी चहा ओतत होत्या. कप माझ्या हातात देता देता त्यांनी पडद्याकडं पाहिलं, म्हणाल्या, "एक थंड आलं आत्ता," आणि खिडकीतून खाली पाहून कपाळाला आठी घातली. "पाटीवर नंबर आला, पण दिवा नाही लागला. वायर ढिली झाली वाटते खाली."

आणि माझ्या हातातला कप परत घेऊन बशीनं झाकून ठेवला, मी खाली जाऊन येईपर्यंत चहा गरम राहावा म्हणून.